बाबांनी विचारलं, "यांची कॅश टॅली कधी होते?"

आईबाबा २०२३ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे फीनिक्सला होते तेव्हाची गोष्ट. इकडे राहणाऱ्या मराठी माणसाची पाहुण्यांना फिरवायची यादी ठरलेली असते, ग्रँड कॅन्यन, सेडोना, एखादं देऊळ, आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं की व्हेगस करायचं का. आईने नाक मुरडलं, जुगाराच्या गावाला कशाला म्हणे जायचं. पण बाबा म्हणाले, "अगं बघायला काय जातंय, खेळायचंय थोडंच," आणि झालं, शनिवारी पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही निघालो.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. चौतीस वर्षं ते एका सहकारी बँकेत कॅशला होते. सकाळी काउंटरवर बसायच्या आधी स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते रजिस्टरमध्ये लिहायचे, सदतीस रुपये तर सदतीस, आणि संध्याकाळी टॅली लागल्याशिवाय घरी नाही. एकदा पाचशे रुपये कमी भरले तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत टेबलाखालची चटई उचलून बघून झाली, नाही मिळाले, शेवटी स्वतःच्या पगारातून भरले. ही गोष्ट आमच्या घरात वर्षातून एकदा तरी निघतेच आणि दरवेळी बाबा शेवटी म्हणतात, "तो बेअरर चेक होता, मला अजून शंका आहे." रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी!

व्हेगसला जाताना वाटेत हूवर धरण लागतं. तिथे उतरून फोटो काढले, आईने नदीला नमस्कार केला, आणि मी उगाच ज्ञान पाजळायला सुरुवात केली, कारण हे धरण आणि तो जुगार जोडीनेच सुरू झालेत. १९३१ साली इथे काम सुरू झालं आणि त्याच वर्षी १९ मार्चला नेवाडाच्या गव्हर्नर फ्रेड बाल्झारने जुगार कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही केली. मंदीचा काळ, खाणी बसलेल्या, राज्याकडे वाळवंटाशिवाय काही नाही, मग घटस्फोटासाठी सहा आठवडे राहिलं की पुरे आणि जुगाराला परवाना, असे दोन धंदे काढले. गंमत म्हणजे धरणाच्या कामगारांसाठी सरकारने बांधलेलं जे बोल्डर सिटी गाव, तिथे जुगाराला बंदी होती आणि आजही आहे. मग पगार झाला की पोरं सरळ लास व्हेगसच्या फ्रीमाँट स्ट्रीटला. बाबा म्हणाले, "म्हणजे गिरणीच्या गेटाबाहेरचा गुत्ता." अगदी तेच.

व्हेगसला पोचून कॅसिनोत शिरल्यावर प्रत्येकाची जी होते तीच आईची अवस्था झाली. थंडगार हवा, कसला तरी गोडसर वास, मशिनींचा किणकिणाट, दिवस की रात्र पत्ता नाही. मी आईला वीस डॉलर देऊन एका म्हशीचं चित्र असलेल्या स्लॉट मशीनसमोर बसवलं. (म्हैस नव्हे, बायसन. पण आई अजून म्हैसच म्हणते.) बाबा रूलेच्या, म्हणजे आकड्यांच्या चाकावर बॉल फिरवायच्या जुगाराच्या, टेबलामागे उभे राहिले आणि हलेचनात. मला वाटलं बॉल बघतायत. बघत होते डीलर बाईच्या हाताकडे.

एका माणसाने शंभराच्या पाच नोटा टेबलावर ठेवल्या. तिने त्या हातात न घेता हिरव्या कापडावर एकेक करून पसरल्या, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा. मोठ्याने रक्कम सांगितली. मागे उभ्या सुपरवायझरने मान हलवली. मग चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मोजून पुढे सरकवल्या आणि नोटा गोळा करून टेबलातल्या एका फटीवर ठेवून प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने खाली दाबल्या. गेल्या. थोड्या वेळाने तिची ड्युटी संपली तेव्हा तिने दोन्ही हात हलकेच एकमेकांवर आपटले, तळवे उलटसुलट करून दाखवले आणि मगच टेबल सोडलं. हात रिकामे आहेत बघा, असं.

बाबांचा चेहरा खुलला, म्हणजे ताजमहाल बघताना खुलला नव्हता इतका. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खाली पेटी आहे. तिची किल्ली हिच्याकडे नसणार. यांची कॅश टॅली कधी होते?"

मी अमेरिकेत बारा वर्षं, व्हेगसची ही माझी पाचवी ट्रिप, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपण सगळे जाताना विचार करतो तो जिंकायचा, नाहीतर हरलो तर बायकोला काय सांगायचं याचा. परत आल्यावर दोनतीन महिने मी या प्रश्नाच्याच मागे लागलो आणि माझी खात्री झाली की अमेरिकन कॅसिनोचा सगळा इतिहास म्हणजे ती पेटी कोण उघडतो आणि उघडताना दाराशी कोण उभं असतं, एवढाच आहे. बाकी सगळी रोषणाई.

त्या रात्री जेवताना बाबांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. अमेरिकन रूलेच्या चाकावर ३८ घरं, एक ते छत्तीस, एक शून्य आणि एक दोन शून्यवालं. तुमचा आकडा लागला तर एकास पस्तीस. म्हणजे अडतीस घरांवर एकेक डॉलर लावला तर ३८ जातात आणि ३६ परत येतात. दोन डॉलर घराचे. शेकडा ५.२६. "मग लबाडी करायची गरजच काय," बाबा म्हणाले, "चाक सरळ ठेवलं तरी व्याज चालूच आहे की." हेच ते! ज्या गँगस्टर लोकांनी हे गाव उभं केलं त्यांना हे पक्कं माहीत होतं. आधीच्या आयुष्यात त्यांनी माणसं मारली असतील, दारूची तस्करी केली असेल, पण चाक मात्र सरळ ठेवलं. गिऱ्हाइकाला गणित लुबाडत होतं. यांनी लुबाडलं ते इन्कम टॅक्सला, आणि एकमेकांना.

बग्सी सीगलची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून पटकन सांगतो. फ्लमिंगो हॉटेलची मूळ कल्पना त्याची नव्हतीच, ती बिली विल्करसन नावाच्या हॉलिवूडमधल्या एका पेपरवाल्याची, सीगल नंतर घुसला. खर्च दहा लाखांवरून साठ लाख डॉलरच्या आसपास गेला. २६ डिसेंबर १९४६ ला उद्घाटन, पण खोल्या तयार नाहीत, मग लोक जिंकलेले पैसे खिशात घालून दुसऱ्याच हॉटेलात झोपायला गेले! ५.२६ टक्क्यांचं गणित चालायला माणूस तिथेच राहायला हवा, रात्री पुन्हा खाली उतरायला हवा, ते झालंच नाही. जानेवारीत बंद, मार्चमध्ये परत चालू, आणि २० जून १९४७ ला बेव्हर्ली हिल्समध्ये सोफ्यावर बसलेला असताना खिडकीतून गोळ्या घालून त्याला मारला. कोणी मारला ते आजवर सिद्ध झालेलं नाही. त्याच्यामागून फ्लमिंगो चालवणारा गस ग्रीनबाम चांगला हिशेबी होता, पण १९५८ च्या डिसेंबरात त्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला, तो आमच्या या फीनिक्समध्येच, राहत्या घरी.

मला सीगलपेक्षा मो डॅलिट्झ जास्त इंटरेस्टिंग वाटतो. क्लीव्हलँडचा माणूस, दारूबंदीत ईरी सरोवरातून माल आणायचा. डेझर्ट इन हे कॅसिनो विल्बर क्लार्क नावाच्या माणसाने बांधायला घेतलं आणि त्याचे पैसे संपले, मग डॅलिट्झ मंडळी आली आणि १९५० मध्ये ते उघडलं तेव्हा बाहेर पाटीवर नाव क्लार्कचं, आत पेटी यांची. डॅलिट्झने पुढे गावात हॉस्पिटल उभारण्यात पुढाकार घेतला, देणग्या दिल्या, आणि म्हातारपणी तो गावातला प्रतिष्ठित दानशूर माणूस म्हणून गेला. आपल्याकडेही अशी माणसं बघितलेली आहेत, नावं घेत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॉब म्युझियमला गेलो. ती जुनी कोर्टाची आणि पोस्टाची इमारत आहे, आणि सिनेटर केफॉव्हरची संघटित गुन्हेगारीवरची समिती १९५० च्या नोव्हेंबरात व्हेगसला आली ती याच इमारतीत बसली होती. कोर्टरूम तशीच ठेवलीय, लाकडी बाकं वगैरे. आई तिथे बसून पाय चेपत होती. आम्ही दोघं फिरत होतो आणि फिरता फिरता मी बाबांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली.

२ मे १९५७. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक कॉस्टेलो, माफियातलं केवढं मोठं प्रस्थ, आपल्या बिल्डिंगच्या लॉबीत शिरतो आणि मागून कोणीतरी गोळी झाडतं. गोळी डोक्याला चाटून जाते, माणूस वाचतो. हॉस्पिटलमध्ये पोलीस त्याचे खिसे बघतात तर एक चिठ्ठी निघते. त्यावर कॅसिनोची २७ एप्रिलपर्यंतची एकूण कमाई लिहिलेली, ६,५१,२८४ डॉलर. कुठल्या कॅसिनोची ते लिहिलेलं नाही. नेवाडाच्या लोकांनी आपल्या फायली काढल्या, तर महिन्याभरापूर्वी उघडलेल्या ट्रॉपिकाना हॉटेलचा आकडा डॉलर टू डॉलर तोच. परवान्यावर कॉस्टेलोचं नाव कुठेही नाही, आणि गल्ल्याचा आकडा मात्र त्याच्या खिशात.

बाबा थांबले. "टॅली करून पाठवत होते," ते म्हणाले. आणि मग एकदम वेगळंच काहीतरी, "आमच्याकडे उलटं होतं बघ. आमच्याकडे आकडा न्यूयॉर्कहून यायचा."

हे मला माहीत नव्हतं. आजोबा लालबागला गिरणीत होते, आणि तेव्हा मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर पैसे लावायचे, सकाळी उघडला किती, बंद झाला किती, ते आकडे टेलिप्रिंटरने यायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत आली, म्हणून मटका, मग कल्याणजी भगत, रतन खत्री. आजोबा आठवड्याला चार आणे लावायचे म्हणे, आजीला न सांगता. बाबांना कॅशची एवढी शिस्त कुठून आली ते त्या म्युझियममध्ये उभं राहून मला जरा जरा कळलं. त्यांनी मात्र जास्त काही सांगितलं नाही, पुढच्या काचेकडे गेले.

कोणाला आत घेत नव्हते तेही सांगितलं पाहिजे, कारण ते या झगमगाटात सहज विसरलं जातं. पन्नासच्या दशकात स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या, कॅसिनोत काळ्या माणसाला जुगार खेळायला किंवा राहायला जागा नव्हती. स्टेजवर गाणारा स्टार काळा असला तर गाणं संपल्यावर मागच्या दाराने बाहेर आणि झोपायला गावाच्या वेस्टसाइडला. १९५५ च्या मे महिन्यात तिथे मूलाँ रूझ उघडलं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं गावातलं पहिलं हॉटेल-कॅसिनो. रात्री अडीच वाजता तिसरा शो असायचा, स्ट्रिपवरचे शो संपवून गोरे स्टारसुद्धा तिकडे जायचे, तुडुंब गर्दी, आणि तरीही सहा महिन्यांत बंद. पैशाचे घोळ म्हणतात, स्ट्रिपवाल्यांचं पोट दुखलं असंही म्हणतात. १९६० मध्ये दाताचे डॉक्टर जेम्स मॅकमिलन यांनी मोर्चाची धमकी दिली तेव्हा कुठे हॉटेलवाले नमले, आणि ती बोलणी बंद पडलेल्या त्या मूलाँ रूझमध्येच झाली. नैतिकता वगैरे काही नाही हो, मोर्चा निघाला तर टुरिस्ट येणार नाहीत, पेटी रिकामी राहील, एवढंच.

मग येतो हॉवर्ड ह्यूजेस. या माणसाने टीडब्ल्यूए विमान कंपनीचे शेअर विकून पन्नास कोटी डॉलरच्या वर रोख हातात घेतली होती. १९६६ च्या थँक्सगिव्हिंगच्या (इकडचा नोव्हेंबरातला सण) सुमारास तो रात्री रेल्वेने व्हेगसला आला आणि डॅलिट्झच्या डेझर्ट इनचे वरचे दोन मजले घेऊन राहिला. ना जुगार खेळे, ना कोणाला भेटे. न्यू इयर आलं तेव्हा डॅलिट्झने खोल्या मागितल्या, बडे जुगारी यायचे होते, तर याने सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरला हॉटेलच विकत घेतलं. नंतर सँड्स, फ्रंटियर, आणखी दोनतीन. चार वर्षं खोलीचे पडदे बंद करून राहिला आणि १९७० च्या थँक्सगिव्हिंगला गुपचूप निघून गेला. मालक वर, पेटी खाली, आणि मधे जुनीच माणसं, त्यामुळे त्याला या धंद्यात फार काही सुटलं नाही. बाबांचं यावर मत, "मॅनेजर केबिनच्या बाहेर येत नसेल तर कॅशियर बिघडतात." पण ह्यूजेसमुळे एक झालं, गावाला वाटलं की सूटबूटवाला पैसाही इथे येऊ शकतो. तोवर कायदा असा होता की प्रत्येक भागधारकाला परवाना हवा, म्हणजे हजारो शेअरहोल्डर असलेली कंपनी येणारच कशी? १९६७ आणि ६९ मध्ये तो कायदा बदलला आणि कॉर्पोरेट आले.

आणि तरीही सगळ्यात इरसाल चोरी त्यानंतरची. १९७४ मध्ये अ‍ॅलन ग्लिक नावाच्या सॅन डिएगोच्या तरुण बिल्डरला टीम्स्टर्स या ट्रकड्रायव्हर युनियनच्या पेन्शन फंडातून सहा कोटींच्या वर कर्ज मिळालं आणि त्याने स्टारडस्ट घेतलं. कागदावर मालक ग्लिक. चालवणारा शिकागोचा फ्रँक 'लेफ्टी' रोझेंथाल. तेव्हा स्लॉटमधली नाणी एकेक मोजत नसत, पोती वजनकाट्यावर टाकायचे आणि वजनावरून रक्कम काढायचे. यांनी काय केलं, काटाच मारला! काटा जेवढं कमी दाखवी तेवढी नाणी कागदावर जन्मलीच नाहीत. मग ती वरची नाणी कॅसिनोतूनच नोटांत बदलून घ्यायची आणि नोटा विमानाने शिकागो, कॅन्सस सिटीच्या टोळ्यांकडे. १९७६ मध्ये राज्याच्या लोकांनी धाड घातली तेव्हा स्लॉटचा मुख्य माणूस जो पळाला तो कायमचा.

काटा मारणे हा शब्द आपल्याकडे रद्दीवाल्यापासून साखर कारखान्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, मला हे वाचताना एकदम घरच्यासारखं वाटलं.

पकडले कसे गेले ते तर बाबांना मी फोनवर तीन वेळा सांगितलंय. कॅन्सस सिटीच्या टोळीत कार्ल डेलूना नावाचा माणूस होता आणि त्याला हिशेब लिहायची सवय होती. कोणाला किती दिले, प्रवासाला किती लागले, सगळं कागदावर, माणसांना टोपणनावं. १९७९ मध्ये एफबीआयने घराची झडती घेतली तर गठ्ठेच्या गठ्ठे. त्याच संध्याकाळी विमानतळावर पैसे आणणारा माणूस सापडला, कोटाच्या खिशांत ऐंशी हजार डॉलर. १९८६ मध्ये शिकागोचे म्हातारे बॉस तुरुंगात गेले त्यात या चोपड्यांचा मोठा हात होता. "पण लिहिलं कशाला त्याने?" असं मी बाबांना म्हणालो. बाबांना प्रश्नच कळला नाही. "अरे, उद्या कोणी म्हणालं माझे पोचले नाहीत, तर?"

या सगळ्यात मला आवडणारा, म्हणजे आवडू नये पण आवडणारा माणूस बेनी बिनियन. टेक्ससचा, खुनाची शिक्षा, टॅक्स चुकवला म्हणून जेल, सगळं करून झालेला. फ्रीमाँट स्ट्रीटवर १९५१ मध्ये त्याने हॉर्सशू काढलं. नियम एकच, तुमचा पहिला डाव जेवढ्याचा तेवढी तुमची लिमिट, मग लाख का असेना. १९८० मध्ये एक माणूस दोन बॅगा घेऊन आला, एकीत ७,७७,००० डॉलर, दुसरी रिकामी. फाशांच्या टेबलावर सगळे एकदम लावले, जिंकला, दुसरी बॅग भरून निघून गेला. चार वर्षांनी परत येऊन दहा लाख लावले आणि हरला, आणि काही महिन्यांनी त्याने जीव दिला. गाईड लोक पहिला भाग रंगवून सांगतात.

हॉर्सशूमध्ये दहा हजाराच्या शंभर नोटा काचेत लावून ठेवल्या होत्या, दहा लाख डॉलर, त्यासमोर फुकट फोटो काढून द्यायचे. आता त्या मूळ नोटा तिथे नाहीत. हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "शंभर नोटा? म्हणजे एकच गड्डी की!" आणि अंगठा ओला करायची खूण केली.

पुढचा इतिहास मला थोडा कंटाळवाणा वाटतो, खरं सांगतो. स्टीव्ह विनने १९८९ मध्ये साठ कोटींच्या वर खर्च करून मिराज बांधलं, दारात ज्वालामुखी, आणि मग प्रत्येकाला व्हेनिस, पॅरिस बांधायची हौस आली. एकच गोष्ट मनात राहते. २१ नोव्हेंबर १९८० ला एमजीएम ग्रँडला आग लागली आणि ८५ माणसं गेली. कॅसिनोच्या जागेत स्प्रिंकलर नव्हते, तिथे चोवीस तास माणसं असतात, आग लगेच दिसेल असा हिशेब होता. हे शेअरबाजारातल्या कंपनीचं हॉटेल होतं, टोळीवाल्यांचं नव्हे.

ज्वालामुखी आम्ही बघितला, आईला सगळ्यात तोच आवडला. आता तोही नाही, मिराज २०२४ च्या जुलैत बंद झालं, तिथे गिटारच्या आकाराचा टॉवर होतोय. आणि तो बांधणाऱ्या हार्ड रॉक कंपनीची मालक आहे फ्लोरिडाची सेमिनोल ही मूळनिवासी जमात. १९७९ मध्ये आपल्या राखीव जमिनीवर एक बिंगो हॉल काढला, शेरीफने बंद करायची धमकी दिली, हे लोक कोर्टात गेले आणि जिंकले. मग १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या कबाझोन जमातीच्या बाजूने निकाल दिला, १९८८ मध्ये कायदा झाला, आणि आज आमच्या घरापासून वीस मिनिटांवरही गिला रिव्हर जमातीचं कॅसिनो आहे. ज्यांना जमिनीवरून हाकललं त्यांच्याच हातात आता स्ट्रिपवरची पेटी.

आईचं सांगायचं राहिलंच. वीस डॉलरचे तिने दीड तासात एक डॉलर पंधरा सेंट केले आणि मशीनमधून त्याची चिठ्ठी आली, कारण नाणी आता जवळपास कुठेच नाहीत, काटा मारायची सोयच उरली नाही. मी म्हटलं चल रोख घेऊ, तर म्हणाली राहू दे, आठवण. बाबांना ते अजिबात पटलं नाही, "ही त्यांची लायबिलिटी आहे, त्यांच्या पुस्तकात उघडी राहील." निघताना गाडीत बसेपर्यंत तेच. चिठ्ठी आता पुण्यात देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात ट्रॉपिकाना पाडलं, कॉस्टेलोच्या चिठ्ठीवालं. रात्री अडीच वाजता, आतषबाजी करून. मी झोपलेलो. तिकडे दुपारचे तीन, बाबा चहा घेत मोबाइलवर बघत होते, आणि मला फोन. मी दचकून उचलला, म्हटलं काय झालं.

"पाडलं रे," बाबा म्हणाले. "बावीस सेकंदही लागले नसतील. मला सांग, स्ट्राँगरूमचं दार आधी काढून घेतलं असेल ना?"